गावाचे जंगल गावाने राखताना: सामूहिक वनहक्काच्या दाव्यापासून व्यवस्थापन आराखड्यापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षे तिथली ग्रामसभा नियमित बसत होती, अभ्यास गटात कायद्यांचे वाचन होत होते आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय गावाला लागली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या सवयीतून आली. हा क्रम मुद्दाम आधी सांगितला, कारण अनेक ठिकाणी तो उलटा झालेला दिसतो: एखादी संस्था किंवा कार्यालय दावा भरून देते, हक्काचा कागद येतो, तो कपाटात जातो आणि जंगल पूर्वीसारखेच बेवारस राहते. ज्या गावाला आपले जंगल खरोखर हातात घ्यायचे आहे, त्याच्यासाठी ही मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे.

कायद्याची चौकट

‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’ हा या कामाचा पाया आहे. त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी आले आणि ६ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या, म्हणून नियमांची प्रत दुरुस्तीसह असलेलीच वापरावी. कायद्यात वैयक्तिक शेतजमिनीचा हक्क आहे, निस्तार (जंगलातून सरपण, लाकूड अशा घरगुती गरजा भागवणे), चराई, मासेमारी आणि गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी उपज) यांवरचे सामूहिक हक्क आहेत, आणि या सगळ्यांपेक्षा व्यापक असा, कलम ३(१) मधल्या ‘आय’ उपकलमाखालचा, पारंपरिक सीमेतल्या संपूर्ण सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. पहिल्या दोन प्रकारांत गाव उपभोक्ता असते, तिसऱ्यात ते व्यवस्थापक होते. जंगल राखीव वन असो, संरक्षित वन असो की अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असो, परंपरेने गावाच्या सीमेत येत असेल तर त्यावर हा दावा करता येतो. दावा करणारे गाव म्हणजे महसुली गावच असले पाहिजे असेही नाही. पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) अर्थाने स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा पाडा किंवा टोलाही गाव ठरू शकतो, आणि माझ्या मते शक्य असेल तिथे टोल्याची ग्रामसभाच धरावी, कारण चार टोल्यांच्या गटग्रामपंचायतीच्या सभेत जंगलाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांचा आवाज हमखास मागे पडतो.

ग्रामसभा आणि वनहक्क समिती

दाव्यांची गावपातळीवर तपासणी करणारी वनहक्क समिती ग्रामसभेने आपल्या सदस्यांतून निवडायची असते. तिच्यात १० ते १५ व्यक्ती असाव्यात, त्यांपैकी किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीच्या आणि किमान एक-तृतीयांश महिला असाव्यात. या सभेची गणपूर्ती ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या सभेपेक्षा कडक आहे: एकूण सदस्यांपैकी निम्म्यांपेक्षा कमी उपस्थिती चालत नाही आणि उपस्थितांत एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. मोहफुले वेचणी, धानाची रोवणी किंवा गावातले लग्न अशा दिवशी सभा ठेवली तर ही संख्या भरत नाही, म्हणून तारीख दवंडी देण्याआधी बायकांना विचारून ठरवावी.

समितीत कोण असावे याबद्दल नियम फक्त प्रमाण सांगतात. प्रत्यक्षात तीन प्रकारची माणसे नसतील तर काम अडते: जंगलाच्या खुणा ठाऊक असलेला भूमिया (गावाचा पारंपरिक मानकरी) किंवा एखादा वृद्ध गुराखी, कंदमुळे आणि भाजीपाला गोळा करणाऱ्या दोन-तीन जाणत्या बाया, आणि सलग लिहू-वाचू शकणारा एखादा तरुण. सरपंच अध्यक्ष असलाच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. इतिवृत्ताची वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील याची खबरदारी पहिल्याच दिवशी घ्यावी. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद झाली तर पुढे प्रत्येक नकलेसाठी हेलपाटे घालावे लागतात.

शिवार फेरी आणि नकाशा

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा. दाव्याचा नकाशा तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर बसून काढला गेला, तर तो वनविभागाच्या कक्षांच्या (जंगलाच्या क्रमांकित तुकड्यांच्या) रेषांवरून निघतो आणि गावाच्या वहिवाटीची रेषा त्यात हरवते. म्हणून आधी अंगणात जमिनीवरच नकाशा काढावा. रांगोळी, राख, दगड, पाने काहीही चालते. नाले, डोंगर, जुने पाणवठे, गुरांच्या वाटा, पेनठाणा (गोंडांचे देवस्थान) किंवा देवराई, स्मशानभूमी, बांबूच्या रांजी (बेटे), मोहाची मोठी झाडे, मासे धरायचे डोह आणि शेजारच्या गावाची शीव असे सगळे लोकांनी सांगत जावे आणि एकाने कागदावर उतरवत जावे. या बैठकीत पुरुष सीमा सांगतात आणि बाया आतला तपशील सांगतात, असे बहुतेक ठिकाणी दिसते. कोणत्या उतारावर कोणता कंद कोणत्या महिन्यात मिळतो, हे पुरुषांना अनेकदा माहीत नसते, त्यामुळे बायकांचा वेगळा नकाशा काढून मग दोन्ही एकत्र करणे अधिक चांगले.

त्यानंतर प्रत्यक्ष फेरी. पानगळ झाल्यावर आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, जंगल उघडे असते आणि लांबवरचे दिसते. सीमेवरून चालताना प्रत्येक खुणेपाशी थांबावे, वृद्धांनी त्या खुणेचे स्थानिक नाव सांगावे, तिथे कोण काय करत आले आहे ते लिहून घ्यावे आणि मोबाइलच्या जीपीएसवर त्या बिंदूची नोंद करून छायाचित्र घ्यावे. वनविभागाने उभारलेले दगडी बुरूज वाटेत लागतात, त्यांवरचे कक्ष क्रमांक त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहावेत. गावाचे नाव आणि सरकारी क्रमांक असे दोन्ही एकाच ओळीत असले की पुढे दावा ज्या सरकारी समितीकडे जातो त्या उपविभागीय समितीपुढे ‘ही जागा नेमकी कोणती’ हा प्रश्न उरत नाही.

शेजारच्या गावांना फेरीचे लेखी निमंत्रण आधीच द्यावे. जंगलाच्या सीमा अनेक ठिकाणी एकमेकींवर येतात, आणि एखादा चराईचा माळ दोन किंवा तीन गावे मिळून वापरत असतात. अशा वेळी नियमांप्रमाणे संबंधित वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचे स्वरूप ठरवायचे आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभांना लेखी द्यायचा असतो. ग्रामसभांनाही तोडगा काढता आला नाही, तरच विषय उपविभागीय समितीकडे जातो. तिथवर जाऊ देऊ नये. सामाईक क्षेत्र सामाईक म्हणूनच दोन्ही दाव्यांत दाखवावे आणि दोन्ही गावांच्या सह्यांचे पत्र जोडावे. रेषा ओढून वाटणी करण्याचा हट्ट धरला की पिढ्यानपिढ्या न झालेले भांडण एका नकाशापायी सुरू होते. हद्दीची भांडणे मिटवण्याची रीत बहुतेक आदिवासी गावांत आजही जिवंत आहे आणि दोन्हीकडचे भूमिया, गायता, पाटील असे जुने मानकरी एकत्र बसले तर ती कामाला येते.

जागेच्या पडताळणीची सूचना वनविभाग आणि महसूल विभागाला लेखी द्यावी व पोच घ्यावी. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी हजर राहून सही करायची असते.

पुरावे

सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणजे किमान दोन. ढीगभर कागद जोडण्याची गरज नसते, पण वेगवेगळ्या जातीचे पुरावे असले तर दावा भक्कम होतो. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीची नोंद) हे दोन जुने दस्तऐवज सोन्याच्या मोलाचे आहेत, कारण कोणत्या गावाला कोणत्या जंगलातून सरपण, लाकूड, चराई, वाट यांची मुभा होती हे त्यांत लिहिलेले असते. ते तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयाच्या जुन्या दप्तरात मिळतात. याशिवाय गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, वनविभागाची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा विभागाचा आराखडा), जुने नकाशे चालतात. दुसऱ्या बाजूला भौतिक खुणा असतात: जुनी विहीर, बोडी (लहान तळे), दगडी बांध, देवस्थान, दफनभूमी, पूर्वी वस्ती असल्याच्या खुणा. आणि तिसरा पुरावा म्हणजे वृद्धांचे लेखी निवेदन, ज्याला कायद्याने इतर पुराव्यांच्या पंक्तीत बसवले आहे. उपग्रह छायाचित्र पूरक म्हणून वापरता येते, मात्र केवळ त्याच्या आधारावर बाकी पुरावे बाद करता येत नाहीत, हे समितीच्या सदस्यांनी पाठ करून ठेवावे.

दावा, ठराव आणि पाठपुरावा

निस्तार, चराई आदी हक्कांसाठी नमुना ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना ‘क’ भरायचा असतो. दोन्ही एकाच वेळी भरावेत. केवळ ‘ब’ भरून समाधान मानणाऱ्या गावांना नंतर व्यवस्थापनाचा अधिकार नव्याने मागावा लागतो. वनहक्क समितीने तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवल्यावर ठराव होतो, आणि दावा, नकाशा, पुरावे व ठराव उपविभागीय समितीकडे जातात. तारखेची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये आणि संपूर्ण संचाची एक प्रत गावात ठेवावी.

वरच्या समित्यांना दावा परस्पर फेटाळण्याची किंवा क्षेत्र कापण्याची मोकळीक नाही. ग्रामसभेचा निर्णय त्यांना पटला नाही तर कारणे लिहून तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने त्यापुढचीही एक पायरी, म्हणजे विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समिती, उपलब्ध झाली आहे. तोंडी ‘नाही’ स्वीकारू नये, लेखी कारण मागावे. मुदत त्या कागदापासून मोजता येते.

हक्कपत्र आले की मिठाई वाटण्याआधी ते ओळीओळीने वाचावे. ते ग्रामसभेच्या नावाने आहे की वनविभागाच्या पुढाकाराने बनलेल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या नावाने, क्षेत्र दाव्याइतके आहे की मधले कक्ष गाळले आहेत, सीमांची नावे बरोबर आहेत का, हे पाहावे. कायद्याच्या नियमांत दिलेल्या नमुन्यात स्पष्ट लिहिलेले आहे की अधिनियम आणि नियमांतल्या अटींखेरीज हक्कधारकांवर कोणतीही अट घातलेली नाही, तरीही कधी कधी ‘कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ असा शेपटा जोडलेला आढळतो. असा शेपटा असेल तर दुरुस्तीची मागणी ठरावाने करावी. महसूल आणि वन विभागाने अंतिम नकाशा करून हक्काची नोंद आपल्या अभिलेखात जास्तीत जास्त तीन महिन्यांत घ्यायची असते, त्याचाही पाठपुरावा करावा, कारण नोंद नसेल तर पुढच्या अधिकाऱ्याला ते जंगल अजूनही केवळ विभागाचेच वाटते.

व्यवस्थापन आराखडा

हक्कपत्रानंतर ग्रामसभेने नियम ४(१) प्रमाणे वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणासाठी समिती नेमायची आणि तिने संवर्धन व व्यवस्थापन आराखडा करायचा. हा आराखडा वनविभागाच्या आराखड्यांशी जोडून घ्यायचा असतो, पण कोणते बदल आवश्यक आहेत हे ही समिती ठरवते. याचा अर्थ असा की कार्य आयोजनेची नक्कल करून तिला आराखडा म्हणणे हा आपल्याच अधिकाराचा त्याग आहे. लाकडाचे घनमीटर मोजण्यासाठी लिहिलेल्या दस्तऐवजात रानभाज्या, कंद, मध, औषधी, देवस्थाने आणि पाणवठे यांना जागा नसते, आणि गावाचे जगणे तर त्यांवरच चालते.

आराखडा जाड नसला तरी चालेल. पंधरा-वीस पानी, गावात मोठ्याने वाचून दाखवता येईल असा असावा. त्यात जंगलाचे गावाच्या वापराप्रमाणे विभाग पाडावेत: काहीच न काढण्याचे क्षेत्र (देवराई, नाल्यांचे उगम, दाट उतार), आळीपाळीने काढण्याचे क्षेत्र, चराईचे क्षेत्र, आणि उजाड झालेले, विश्रांती द्यायचे क्षेत्र. मग प्रत्येक उपजेसाठी गावाचा नियम लिहावा. खरे काम या नियमांत आहे, म्हणून काही उदाहरणे सविस्तर देतो.

मोहाची फुले मार्च-एप्रिलात पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखाली आग लावण्याची पद्धत आहे, आणि विदर्भातल्या अनेक वणव्यांची सुरुवात अशाच एखाद्या न विझलेल्या जाळातून होते. पाचोळ्याबरोबर मोहाची, चारोळीची, बेहड्याची लहान रोपे जळतात, त्यामुळे म्हाताऱ्या मोहाच्या खाली तरुण मोह दिसेनासा होतो. उपाय साधा आहे: हंगामाच्या आठवडाभर आधी प्रत्येक कुटुंबाने आपल्या झाडाखालची जागा खराट्याने झाडून पाला एका खड्ड्यात किंवा शेताच्या खातात टाकावा आणि जुन्या साड्या किंवा जाळी अंथरावी. फुलेही माती न लागता मिळतात. आराखड्यात ‘मोहाखाली आग लावू नये’ एवढेच न लिहिता, झाडलोटीची तारीख, जाळी घेण्यासाठी ग्रामसभेच्या निधीतून मदत आणि आग लावल्यास दंड असे तिन्ही लिहावे. दंड किती ते सभेनेच ठरवावे. बाहेरच्या माणसाने सुचवलेला दंड कोणी वसूल करत नाही.

चारोळीचे दुखणे वेगळे आहे. आपण थांबलो तर दुसरा तोडेल या भीतीने कच्चीच फळे उतरवली जातात आणि घाईत फांद्याच तोडल्या जातात. इथे एकट्या गावाचा नियम पुरत नाही, शेजारच्या गावांसह तोडणीची एकच तारीख जाहीर करावी लागते. मधाच्या बाबतीत पोळ्याचा मधाचा भागच कापावा, अंडी-पिल्लांचा भाग सोडावा आणि माश्या जाळू नयेत, हे जाणत्या मध काढणाऱ्यांना ठाऊकच असते. ते लिहून ठेवले की नवशिक्यांनाही लागू होते.

बांबू हा अनेक ग्रामसभांच्या उत्पन्नाचा कणा आहे, म्हणून त्याचे नियम काटेकोर असावेत. पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोड पूर्ण बंद ठेवावी. चालू वर्षाचे कोंब आणि कोवळे बांबू राखावेत, परिपक्व बांबूंपैकीही काही रांजीला आधार म्हणून सोडावेत, जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर काप घ्यावा म्हणजे बुंध्यात पाणी साचत नाही, आणि कंद खणू नये. क्षेत्राचे भाग पाडून दर वर्षी एकाच भागात तोड करावी, बाकीचे भाग विसाव्याला ठेवावेत. तोडीच्या दिवशी समितीचा एक माणूस प्रत्येक टोळीबरोबर असावा. मजुरी बांबूच्या नगावर असेल तर कोवळा बांबू तोडण्याचा मोह होतोच.

तेंदूपत्त्याबद्दल प्रत्येक गावाने स्वतंत्र विचार करावा. ७० पानांचा पुडा आणि १,००० पुड्यांची गोणी या हिशेबाने उन्हाळ्यात थोड्या दिवसांत रोख पैसा देणारी ही उपज आहे, आणि गरीब कुटुंबांना तो पैसा नको असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. पण चांगला पाला यावा म्हणून आधी झुडपे छाटली जातात आणि आगीही लावल्या जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव ग्रामसभेने हे सगळे मांडून तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून बंद केले आणि बांबूवर भर दिला. पाचगावकडे बांबू होता म्हणून ते परवडले, हेही लक्षात घ्यावे. बांबू नसलेल्या गावाला छाटणीचे क्षेत्र मर्यादित ठेवणे आणि आग पूर्ण थांबवणे हा मधला मार्ग घेता येतो. जंगलच उरले नसेल तर आराखड्याची सुरुवात चराईबंदी, मृद-जलसंधारण आणि लागवडीने करावी लागते. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने उजाड टेकड्यांवर हेच केले आणि पुढे तिथली सीताफळे गावाच्या उत्पन्नाचा भाग झाली. रोजगार हमीची कामे अशा आराखड्याशी जोडता येतात, आणि जोडावीतच.

राखण

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. त्याआधी सीमेवरच्या जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ कराव्यात आणि राखणीच्या पाळ्या घरटी लावाव्यात. पाळीवर कोण गेले, काय दिसले, याची नोंद दोन ओळींत का होईना रोज व्हावी. बाहेरची टोळी लाकूड तोडताना सापडली तर मारहाण न करता नाव, वेळ, माल नोंदवून पंचनामा करावा आणि वनरक्षकाला कळवावे. कलम ५ ने ग्रामसभेला वन, वन्यजीव, पाणलोट आणि पाणवठे राखण्याचा आणि त्यांना बाधक ठरणारे काम थांबवण्याचा अधिकार दिला आहे, पण खटला चालवण्याचे काम विभागाचे आहे, आणि ही वाटणी स्पष्ट ठेवली तर वनरक्षकाशी संबंधही बरे राहतात.

विक्री, परवाना आणि हिशेब

बांबू आणि तेंदूपत्ता दोन्ही गौण वनउपजेत येतात; इमारती लाकूड येत नाही. गौण वनउपजेची मालकी आणि विक्री ग्रामसभेची असल्याने वाहतूक परवानाही तिच्या समितीनेच द्यायचा असतो. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक आले, तोवर हा मुद्दा कागदावरच अडकून होता. पुस्तकाला अनुक्रमांक असावेत, प्रत्येक परवान्याच्या प्रती असाव्यात आणि रद्द झालेला परवाना फाडून न टाकता तसाच ठेवावा.

ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते, पॅन आणि किमान तीन जणांपैकी दोघांच्या सह्या, त्यांत एक महिला, ही व्यवस्था पहिल्या लिलावाआधी पूर्ण करावी. लिलावाची जाहिरात द्यावी, निविदा भर सभेत उघडाव्यात आणि ठेकेदाराशी करार करताना आगाऊ रक्कम, माल उचलण्याची मुदत आणि उशिराचे व्याज लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम न घेता माल उचलू दिलेल्या ग्रामसभांचे पैसे बुडाल्याची उदाहरणे तेंदूच्या धंद्यात कमी नाहीत. मिळालेल्या रकमेतून मजुरी आधी, मग राखण आणि पुनर्लागवडीचा ठरलेला हिस्सा, आणि उरलेले गावाने ठरवलेल्या कामांना, असा क्रम ठरावातच नोंदवावा. हंगाम संपल्यावर जमा-खर्च भिंतीवर लावावा व सभेत वाचून दाखवावा, आणि तो मंजूर होईपर्यंत पुढच्या हंगामाच्या लिलावाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेऊ नये.